सामान्य कुवतीच्या राजासाठी बांधलेलं राज्य : प्राचीन चीनचे कायदेवादी



मागच्या व्याख्यानात आपण कन्फ्यूशियस आणि त्याच्या शिष्यपरंपरेबद्दल बोललो. त्यांचं सांगणं थोडक्यात असं, की राजा सदाचारी असला, त्याने विधी आणि मर्यादा पाळल्या, की प्रजा त्याच्याकडे बघून वळण घेते. शेवटी एका श्रोत्यांनी विचारलं होतं, "आणि राजा तसा नसला तर?" वेळ संपली होती, म्हणून "पुढच्या वेळी बोलू" असं म्हणून मी सुटलो. आज तिथूनच सुरुवात करतो. कारण हाच प्रश्न इसवी सनापूर्वी चौथ्या आणि तिसऱ्या शतकात चीनमधल्या काही माणसांनी फार गांभीर्याने विचारला होता. त्यांनी त्याला उत्तर दिलं, त्या उत्तरावर एक साम्राज्य उभं राहिलं, आणि ते साम्राज्य पंधरा वर्षांत कोसळलं. कायदे फार क्रूर होते म्हणून कोसळलं, असं नेहमी सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे, असं मला आज मांडायचं आहे.

आधी नावाचा घोळ मिटवू. इंग्रजीत या मंडळींना लीगलिस्ट म्हणतात, आपण कायदेवादी म्हणू. चिनी शब्द आहे 'फा-ज्या', म्हणजे 'फा'वाल्यांचं घराणं. पण त्या काळात असं घराणं नव्हतंच. कोणी गुरू नाही, दीक्षा नाही, संप्रदाय नाही. हे लेबल पुढे हान राजवंशाच्या काळात सिमा थान या दरबारी इतिहासकाराने जुन्या विचारांची वर्गवारी करताना लावलं. आणि 'फा' या शब्दाचा अर्थही नुसता कायदा नाही. सुताराचा गुण्या, तराजू, ठरवून दिलेलं माप, ठरलेली पद्धत, हे सगळं त्यात येतं. कोणीही हातात धरलं तरी तेच उत्तर देणारी वस्तू, ही 'फा'ची मूळ कल्पना.

याचं एक डोळ्यांना दिसणारं उदाहरण आहे. शांघायच्या संग्रहालयात काशाचं एक लहानसं चौकोनी मापटं आहे, धरायला दांडा असलेलं. साधारण २०० मिलिलिटर मावेल एवढं. त्याच्यावर कोरलेल्या मजकुरावरून ते इ. स. पू. ३४४ मधलं आहे, छिन राज्यातलं. त्याच मापट्याच्या बुडावर दुसरा एक मजकूर आहे, इ. स. पू. २२१ चा. छिनच्या राजाने सगळा चीन जिंकून सगळीकडे एकच वजनमाप लागू केलं, त्याचं ते फर्मान. म्हणजे बघा, १२३ वर्षं गेली, राजे बदलले, राज्याचं साम्राज्य झालं, आणि मापटं तेच राहिलं. हे माप ज्याच्या कारभारात ठरलं, तो माणूस म्हणजे शांग यांग. आपली गोष्ट त्याच्यापासून सुरू होते.

काळ कोणता ते थोडं लक्षात घेऊ. चीनमध्ये तेव्हा सात मोठी राज्यं एकमेकांशी झुंजत होती, म्हणून त्या काळाला 'युद्धमान राज्यांचा काळ' म्हणतात. पूर्वीची युद्धं रथात बसलेले सरदार लढत. आता शेतकऱ्यांची पायदळं लढू लागली होती. लढाईचं गणितच बदललं. राजाला आता हे माहीत असावं लागे की माझ्या मुलखात घरं किती, त्या घरांत लढण्याजोगे पुरुष किती, आणि त्यांना पोसायला धान्य किती. आणि ही माहिती ज्यांच्या हातात होती, ते होते मधले वतनदार सरदार. राजा आणि रयत यांच्यामध्ये ही भिंत उभी होती.

छिन हे सातांपैकी पश्चिमेकडचं राज्य. पूर्वेकडचे लोक त्याला अडाणी, अर्धरानटी समजत. तिथला अधिपती शिआओ याने जाहीर केलं की माझं राज्य जो बलवान करील त्याला मी मोठं करीन. ते ऐकून इ. स. पू. ३६१ मध्ये शांग यांग तिथे आला. आधी तो शेजारच्या वेइ राज्यात एका मंत्र्याच्या पदरी होता, तिथे त्याचं काही जमलं नव्हतं. छिनमध्ये मात्र त्याला मोकळा हात मिळाला.

सिमा थानचा मुलगा सिमा च्येन, चीनचा सर्वांत मोठा इतिहासकार, एक प्रसिद्ध प्रसंग सांगतो. नवे कायदे तयार झाले होते, पण लोक विश्वास ठेवतील का, ही शंका होती. म्हणून शांग यांगने राजधानीच्या बाजारात दक्षिण दरवाजाशी एक लांब खांब रोवला आणि दवंडी दिली, की हा उचलून उत्तर दरवाजाशी नेईल त्याला सोन्याच्या दहा मोहरा. लोकांना वाटलं यात काहीतरी काळंबेरं आहे. कोणी पुढे येईना. मग त्याने रक्कम पन्नासवर नेली. एकाने धीर करून खांब नेला, आणि त्याला खरोखर पन्नास मोहरा मिळाल्या. त्यानंतर कायदे जाहीर झाले. सरकार बोलतं तसं करतं, एवढंच त्याला दाखवायचं होतं.

आणि मग काय केलं? पाच-पाच, दहा-दहा घरांचे गट पाडले. गटातल्या एकाने गुन्हा केला तर बाकीच्यांनी कळवायचं. कळवलं नाही तर कमरेतून दोन तुकडे. कळवलं तर रणात शत्रूचं मुंडकं आणणाऱ्याइतकंच बक्षीस. घरात दोन किंवा जास्त कर्ते पुरुष असून वेगळे राहत नसतील तर कर दुप्पट. रणात पराक्रम केला तर पदवी, पदवीबरोबर जमीन आणि घर. या पदव्यांची पुढे वीस पायऱ्यांची शिडी झाली. आणि राजघराण्यातला असला तरी ज्याने रणात काही केलं नाही, त्याचं नाव राजघराण्याच्या नोंदीतून काढायचं. इ. स. पू. ३५० च्या सुमारास दुसरा टप्पा आला. राजधानी शिआनयांगला हलवली. वाड्या-वस्त्या एकत्र करून तालुक्यांसारखे विभाग पाडले आणि त्यांच्यावर राजाने नेमलेले अधिकारी बसवले. ती मधली भिंत पाडली गेली.

यात दोन गोष्टी एकाच वेळी दिसतात. एकीकडे भयंकर जाच. शेजाऱ्याने शेजाऱ्यावर पाळत ठेवायची, त्याला कायद्याचाच आधार. दुसरीकडे, त्या काळाच्या मानाने विलक्षण अशी समानता. गरीब शेतकऱ्याचा मुलगा पराक्रमावर वर चढू शकतो, आणि राजाचा पुतण्या नुसत्या जन्मावर बसून राहू शकत नाही. या दोन्हींतली एक उचलून दुसरी टाकली, तर शांग यांग आपल्याला कळणार नाही.

आणखी एक प्रसंग. सुरुवातीला कायद्यांना नावं ठेवणारे काही लोक, काही वर्षांनी सुबत्ता आल्यावर कायद्यांची स्तुती करायला आले. शांग यांगने त्यांना सरहद्दीवर हद्दपार केलं. निंदा नको तशी स्तुतीही नको. कायद्यावर रयतेने मत द्यायचंच नाही.

आता आजच्या विषयाच्या गाभ्याचा प्रसंग. खुद्द युवराजाने कायदा मोडला. शांग यांगचं म्हणणं, वरचे लोक कायदा मोडतात म्हणूनच कायदा चालत नाही, तेव्हा शिक्षा व्हायलाच हवी. पण युवराज म्हणजे उद्याचा राजा. त्याच्या अंगाला हात कसा लावायचा? मग तोडगा काढला. युवराजाच्या एका गुरूला शिक्षा केली आणि दुसऱ्याच्या तोंडावर गोंदलं. पुढे पहिल्याने पुन्हा गुन्हा केला तेव्हा त्याचं नाक कापलं. सगळं राज्य चळचळा कापलं आणि कायदा पाळू लागलं. ही गोष्ट बहुतेक वेळा कायद्यापुढे सगळे समान याचं उदाहरण म्हणून सांगितली जाते. मला ती नेमकी उलटी वाटते. कायदा वर वर चढत गेला, सरदारांपर्यंत पोचला, राजघराण्यापर्यंत पोचला, आणि सिंहासनाच्या एक पायरी अलीकडे थांबला.

त्या एका पायरीची किंमत शांग यांगनेच मोजली. इ. स. पू. ३३८ मध्ये शिआओ वारला, युवराज गादीवर आला. गुरूंच्या माणसांनी आरोप केला की शांग यांग बंड करतोय. तो पळाला. रात्री सरहद्दीजवळ एका धर्मशाळेत उतरायला गेला तर मालक म्हणाला, दाखला नसलेल्या माणसाला उतरवून घेतलं तर मलाच शिक्षा होईल, शांग यांगसाहेबांचा तसा कायदा आहे. शेवटी तो मारला गेला, प्रेत रथांना बांधून फाडलं, कुटुंब संपवलं. पण नव्या राजाने एक गोष्ट केली नाही. त्याने शांग यांगचे कायदे रद्द केले नाहीत. माणूस नको होता, पण त्याने बांधलेली यंत्रणा हवी होती.

आता शंभर वर्षं पुढे जाऊ. हान नावाचं एक छोटं, दुबळं राज्य होतं. पुढचा हान राजवंश वेगळा, आपल्या कानाला नाव सारखं लागतं एवढंच. या राज्याच्या राजघराण्यात हान फेई नावाचा राजपुत्र होता. बोलताना तो अडखळायचा, पण लिहायचा अप्रतिम. शुन्झ या थोर कन्फ्यूशियन आचार्याकडे तो शिकला. शुन्झचं मत असं, की माणसाचा मूळ स्वभाव चांगला नाही, शिक्षणाने आणि विधींनी तो घडवावा लागतो. हान फेईने पहिला भाग घेतला. घडवत बसायला राजाला वेळ कुठे आहे, असं म्हणून दुसरा सोडला.

त्याच्याआधीच्या तिघांचे विचार त्याने एकत्र केले. शांग यांगकडून घेतला 'फा', म्हणजे जाहीर, लेखी, सगळ्यांना सारखा कायदा. शन बुहाइ या मंत्र्याकडून घेतलं 'शू', म्हणजे अधिकाऱ्यांना ताब्यात ठेवण्याचं तंत्र. आणि शन दाओकडून घेतलं 'श', म्हणजे पदाचं बळ. राजाचं सामर्थ्य त्याच्या अंगच्या गुणांत नसतं, तो ज्या जागेवर बसतो त्या जागेत असतं, हा त्याचा अर्थ.

'शू' म्हणजे काय, ते हान फेईच्या एका गोष्टीतून समजतं. एक राजा दारू पिऊन झोपला. टोपी सांभाळणाऱ्या सेवकाने पाहिलं की राजाला थंडी वाजतेय, म्हणून त्याने अंगावर अंगरखा घातला. राजा उठला, खूश झाला, विचारलं कोणी घातला? कळल्यावर त्याने दोघांना शिक्षा केली. अंगरखा सांभाळणाऱ्याला, कारण त्याने आपलं काम केलं नाही. आणि टोपीवाल्याला, कारण त्याने दुसऱ्याचं काम केलं. आपल्याला हे अन्यायाचं वाटतं. हान फेई म्हणतो, थंडी परवडली. अधिकारी आपापल्या कामाच्या बाहेर जाऊन राजाची मर्जी कमवू लागले तर ते परवडणार नाही.

आणि आता आपल्या श्रोत्यांच्या प्रश्नाचं उत्तर. हान फेईचा युक्तिवाद असा आहे. पुराणातले याओ आणि शुन यांच्यासारखे महात्मे हजार पिढ्यांत एखादे होतात. आणि इतिहासातले महादुष्ट राजेही तितकेच दुर्मीळ. बाकी सगळे राजे मधले. धड चांगले नाहीत, धड वाईट नाहीत, सामान्य कुवतीचे. मग राज्याची व्यवस्था कोणासाठी बांधायची? जर ती महात्म्याच्या भरवशावर ठेवली, तर हजार पिढ्या अंदाधुंदी आणि एक पिढी सुराज्य. जर ती कायद्यावर आणि पदावर ठेवली, तर सामान्य राजाच्या हातातही ती नीट चालेल. गुण्या हातात असला की साधा सुतारही काटकोन काढतो.

मला हा प्राचीन राज्यशास्त्रातला एक मोठा विचार वाटतो. राज्यकर्त्याच्या चांगुलपणावर राज्य अवलंबून ठेवू नका, हे इतक्या स्पष्टपणे फार थोड्यांनी मांडलं आहे. यात क्रौर्य कुठेच नाही.

त्याचं पुस्तक छिनच्या राजाच्या हाती पडलं. हाच पुढचा पहिला सम्राट. त्याला ते इतकं आवडलं की या लेखकाला भेटता आलं तर मरायलाही हरकत नाही, अशा अर्थाचं तो बोलला, असं सिमा च्येन सांगतो. हान फेई दूत म्हणून छिनमध्ये आला. तिथे त्याचा जुना सहाध्यायी ली स हा मोठ्या पदावर होता. त्याने राजाचे कान भरले, की हा हानचा राजपुत्र, तो आपल्या राज्याचंच हित बघणार. हान फेई तुरुंगात गेला. ली सने पाठवलेलं विष घेऊन तो इ. स. पू. २३३ मध्ये मेला. राजाला नंतर पश्चात्ताप झाला आणि त्याने सुटकेचा हुकूम पाठवला, तोवर उशीर झाला होता. चौकशी नाही, निवाडा नाही. कायद्याच्या सर्वांत मोठ्या तत्त्वज्ञाचा शेवट राजाच्या लहरीने आणि मंत्र्याच्या मत्सराने झाला.

आता थोडा रस्ता बदलतो आणि वरून खाली येतो. राजे, मंत्री, तत्त्वज्ञ यांच्याकडून एका साध्या कारकुनाकडे. कारण हे कायदे जमिनीवर कसे चालत, हे पूर्वी आपल्याला फक्त छिनच्या विरोधकांकडून कळत होतं. सिमा च्येनसुद्धा हान राजवंशाच्या नोकरीत होता, आणि छिन बुडाल्यावर शंभरएक वर्षांनी लिहीत होता. पण १९७५ साली डिसेंबरमध्ये मध्य चीनमधल्या हूपेइ प्रांतात, शुइहूदी नावाच्या जागी, कालव्याचं काम चालू असताना जुन्या कबरी सापडल्या. त्यांतल्या अकरा नंबरच्या कबरीत एक सांगाडा होता आणि त्याच्या अंगाभोवती बांबूच्या अकराशेहून जास्त पट्ट्या. सगळ्या लिहिलेल्या. त्या माणसाचं नाव शी. जन्म इ. स. पू. २६२, मृत्यू बहुधा २१७. छिनच्या नोकरीतला तालुका पातळीवरचा कायदा-कारकून. नियम, प्रश्नोत्तरं, चौकशीचे नमुने, असं त्याचं दप्तर त्याच्याबरोबर पुरलं होतं.

या दप्तरात काय आहे? सरकारी कोठारात उंदरांची बिळं सापडली तर काय करायचं, ते आहे. तीन किंवा जास्त बिळं असली तर अधिकाऱ्याला एका ढालीचा दंड. दोन किंवा कमी असली तर ताकीद. आणि चिचुंदरीएवढ्या बारक्या उंदराची तीन बिळं म्हणजे मोठ्या उंदराचं एक बीळ धरायचं! सरकारी बैल नांगराला जुंपून त्याचा घेर कमी झाला, तर सांभाळणाऱ्याला दर इंचामागे दहा फटके. वसंतात दुसऱ्या महिन्यात डोंगरातली झाडं तोडायची नाहीत. आणि क्रौर्यही आहे, ते लपवायचं कारण नाही. पाच जणांनी मिळून एका नाण्यापेक्षा जास्त किमतीची चोरी केली तर डावा पाय तोडायचा, तोंडावर गोंदायचं आणि सक्तमजुरीला पाठवायचं. कोणी दुसऱ्याच्या झाडाची तुतीची पानं चोरली, त्यांची किंमत एक नाणंसुद्धा होत नाही, तरी तीस दिवस वेठ.

पण ज्याची आपण अपेक्षा करत नाही असंही काही आहे. चौकशी कशी करावी याच्या सूचना पाहा. संशयिताला आधी पूर्ण बोलू द्यावं. तो खोटं बोलतोय हे कळलं तरी लगेच अडवू नये, सगळं लिहून घ्यावं, मग विसंगती दाखवून विचारावं. मारहाण न करता सत्य मिळवणं हे सर्वांत चांगलं, मारून मिळवणं हलकं, आणि धाक दाखवला की चौकशी फसलीच. फार वेळा जबाब फिरवला तर फटके देता येतात, पण दिले तर दिले असं नोंदवून ठेवायचं.

आता एक प्रसिद्ध गोष्ट या दप्तराशी लावून बघू. इ. स. पू. २०९ मध्ये नऊशे माणसं सरहद्दीवर पहाऱ्यासाठी निघाली होती. दाझ नावाच्या गावाशी पावसाने रस्ते बंद झाले. वेळेवर पोचणं अशक्य. त्यांच्यातले चन शंग आणि वू ग्वांग म्हणाले, उशीर झाला तर कायद्याने मरायचंच आहे, बंड करूनही मरायचंच आहे, मग बंडच करू. तिथून छिनच्या विनाशाला सुरुवात झाली. शीच्या दप्तरात वेठीवर उशिरा येणाऱ्यांसाठी नियम आहे. तीन ते पाच दिवस उशीर, तर ताकीद. सहा ते दहा दिवस, तर एक ढाल दंड. दहाच्या वर, तर एक चिलखत दंड. आणि पावसामुळे अडकले तर वेठच माफ.

हा नियम स्थानिक वेठीचा आहे. सरहद्दीवरच्या लष्करी कामाला तो लागू होता का, यावर अभ्यासकांत वाद आहे. मधल्या काळात, दुसऱ्या सम्राटाच्या कारकिर्दीत कायदे कडक झाले असतील, असंही काही जण म्हणतात. पण एवढं नक्की म्हणता येतं, की 'उशीर म्हणजे मृत्यू' हा एकच सरसकट नियम छिनच्या पोथीत नव्हता. कायद्यात पाऊस माहीत होता.

मग बिघडलं कुठे? माझं उत्तर असं, की पोथीत लिहिलेला कायदा आणि वरून येणारा हुकूम, यांच्यात भांडण झालं तर काय करायचं, याची सोयच नव्हती. ली सची गोष्ट बघा, म्हणजे लक्षात येईल.

इ. स. पू. २२१ मध्ये चीन एक झाला. ली स पुढे सम्राटाचा मुख्य मंत्री झाला. इ. स. पू. २१३ मध्ये खाजगी ग्रंथ जाळण्याचा सल्ला त्यानेच दिला. वैद्यक, शकुनविद्या आणि शेतीची पुस्तकं तेवढी वगळली. लोकांनी जुन्या पुस्तकांच्या आधारे आजच्या कायद्यावर टीका करू नये, हा हेतू. कायद्यावर मत द्यायचं नाही, हे शांग यांगचंच धोरण आता सगळ्या चीनला लागू झालं.

इ. स. पू. २१० मध्ये दौऱ्यावर असताना सम्राट वारला. सिमा च्येनच्या हकिगतीप्रमाणे झाओ गाओ या दरबारी अधिकाऱ्याने ली सला फोडलं. दोघांनी खोटं फर्मान तयार करून थोरला राजपुत्र फूसू याला आत्महत्येचा हुकूम पाठवला. फूसू तेव्हा उत्तर सरहद्दीवर मोठ्या फौजेबरोबर होता. त्याच्या सेनापतीने सांगितलं, हे फर्मान खरं आहे का ते तरी विचारून घ्या. फूसू म्हणाला, बापाने मर म्हटल्यावर विचारायचं काय? आणि तो मेला. धाकटा भाऊ गादीवर आला. हान फेईने ज्याच्यासाठी व्यवस्था आखली होती, तो सामान्य कुवतीचा राजा अखेर आला.

दोन वर्षांत झाओ गाओने ली सवरच राजद्रोहाचा आरोप आणला. ली सला हजारावर फटके मारले, त्याने गुन्हा कबूल केला. पण त्याला एक आशा होती. आरोपीच्या कबुलीची सम्राटाकडून फेरतपासणी होई. झाओ गाओने काय केलं? आपलीच माणसं सम्राटाचे तपासनीस म्हणून तुरुंगात पाठवली, एकदा नाही, दहा-बारा वेळा. ली स प्रत्येक वेळी खरं सांगे, आणि प्रत्येक वेळी त्याला पुन्हा मार बसे. शेवटी सम्राटाने पाठवलेला खरा तपासनीस आला. ली सला वाटलं, हाही त्यांचाच. त्याने गुन्हा कबूल केला. इ. स. पू. २०८ मध्ये शिआनयांगच्या बाजारात त्याचे कमरेतून दोन तुकडे केले. मरायला जाताना तो मुलाला म्हणाला, की गावाकडे पिवळा कुत्रा घेऊन आपण सशांच्या मागे जायचो, तसं आता पुन्हा जाता येणार नाही. बापलेक दोघेही रडले.

आता ही गोष्ट शीच्या दप्तराशेजारी ठेवा. मारहाणीने मिळवलेलं सत्य हलकं, हा नियम त्याच राज्याचा. फेरतपासणीची पद्धत त्याच राज्याची. तालुक्याच्या कारकुनाला उंदराच्या बिळाचा हिशेब द्यावा लागतो, आणि सिंहासनाला लागून उभा असलेला माणूस सगळी पद्धत आतून पोखरतो, त्याला विचारणारं कोणी नाही. विचारू शकणारा एकच माणूस, तो सम्राट, आणि त्याचे डोळे-कान झाओ गाओच्या हातात. पुढे याच झाओ गाओने दरबारात हरिण आणून हा घोडा आहे असं सांगितलं. काहींनी मान डोलावली. ज्यांनी हरिण म्हटलं, त्यांना त्याने नंतर गाठलं. इ. स. पू. २०७ मध्ये दुसऱ्या सम्राटालाही मरायला लावलं. काही महिन्यांत छिन संपलं.

म्हणून मी म्हणतो, की 'कायदे क्रूर होते म्हणून पडलं' हे अर्धं उत्तर आहे. क्रौर्य होतं आणि लोक त्याला विटले होते, यात शंका नाही. पण कायद्याची शिडी सिंहासनाच्या एक पायरी अलीकडे थांबली होती, शांग यांगच्या काळापासून. हान फेईने सामान्य राजासाठी व्यवस्था आखली खरी, पण त्या राजाने आपल्या आवडीनिवडी लपवाव्यात, कोणावर विसंबू नये, प्रत्येकाचं बोलणं आणि करणं ताडून बघावं, अशा अपेक्षा ठेवल्या. हे सामान्य माणसाचं काम आहे का? मागच्या दाराने महात्माच परत आला. यावेळी सद्गुणी महात्मा नाही, सावध महात्मा. एवढाच फरक.

आपल्याकडे अशा वेळी कौटिल्याची आठवण येतेच. साम्य बरंच आहे, हेरांपासून वजनमापांपर्यंत. पण एक फरक सांगतो. अर्थशास्त्रात अशी तरतूद आहे, की राजाने निरपराध माणसाला दंड केला, तर त्या दंडाच्या तीसपट रक्कम वरुणाला उद्देशून पाण्यात सोडायची आणि मग ती ब्राह्मणांना द्यायची. प्रत्यक्षात कुठल्या राजाने ती सोडली की नाही, हा वेगळा प्रश्न. पण राजा चुकू शकतो आणि चुकला तर त्यालाही काही लागू होतं, ही जागा त्या पोथीत आहे. छिनच्या पोथीत ती जागा नाही.

मग हे कायदे छिनबरोबर गेले का? अजिबात नाही. बंडखोर सेना शिआनयांगमध्ये घुसल्या, तेव्हा बाकीचे सरदार खजिन्याकडे धावले. ल्यू बांग, म्हणजे हान राजवंशाचा संस्थापक, याचा एक साथीदार होता श्याओ ह, पूर्वी तालुक्याच्या कचेरीत काम केलेला. तो दप्तरखान्याकडे गेला आणि नकाशे, नोंदवह्या, कायद्याची कागदपत्रं ताब्यात घेतली. ल्यू बांगने लोकांना सांगितलं, छिनचे सगळे जाचक कायदे रद्द, आता तीनच नियम : खुनाला मृत्यू, आणि इजा व चोरीला त्या त्या मानाने शिक्षा. लोक खूश झाले. पण तीन नियमांवर साम्राज्य चालत नाही. झांगच्याशान इथे १९८३-८४ मध्ये आणखी एक कबर सापडली, हान काळातली. तिच्यात इ. स. पू. १८६ च्या सुमाराचे कायदे आहेत, आणि ते शीच्या दप्तरातल्या कायद्यांचे सख्खे भाऊ शोभतील असे आहेत. पुढे हान सम्राटांनी कन्फ्यूशियसला मानाचं आसन दिलं. ग्रहणं, भूकंप, पूर म्हणजे सम्राटाला आकाशाने दिलेला इशारा, असं विद्वान सांगू लागले. रिकाम्या राहिलेल्या त्या वरच्या पायरीवर काहीतरी लगाम बसवण्याचा तो प्रयत्न होता. लगाम फार ढिला होता, पण छिनने तेवढाही ठेवला नव्हता.

तेव्हा, "राजा तसा नसला तर?" या प्रश्नाचं कायदेवाद्यांचं उत्तर असं : राजा सोडून बाकी सगळ्यांना मापात बसवा. बाकी सगळ्यांच्या बाबतीत ते उत्तर चाललं, आणि छिननंतरही चालत राहिलं.

शी हा कारकून बहुधा इ. स. पू. २१७ मध्ये वारला. पुस्तकं जळलेली त्याने पाहिली नाहीत, ली सचं काय झालं ते त्याला कळलं नाही. त्याच्या माणसांनी त्याच्या उशाशी, कुशीला, पायाशी ते नियम ठेवले आणि कबर बंद केली. पावसाने वाट अडली तर वेठ माफ, ही ओळही त्यातच होती.

पुढच्या व्याख्यानात हान दरबारात इ. स. पू. ८१ मध्ये मीठ आणि लोखंड यांच्या सरकारी मक्त्यावर झालेल्या मोठ्या वादाकडे वळू. तिथे शांग यांगवरून पुन्हा भांडण होतं. आज इथेच थांबतो.